चार दिवसांत अनोळखी संघ कसा वाचायचा: एनसीएए स्पर्धेआधीचं स्काउटिंग

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघात व्हिडिओचं काम नुकतंच हाती आलं आहे. मार्चमधल्या एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संघटना) राष्ट्रीय स्पर्धेचा तक्ता रविवारी लागेल आणि लगेच गुरुवारी किंवा शुक्रवारी कधी न पाहिलेल्या संघाशी गाठ पडेल. अशा वेळी किती सामने बघायचे, त्यात काय टिपायचं आणि खेळाडूंच्या हाती नेमकं काय द्यायचं?

पाच ते सहा सामने बघा. त्यातून खेळाडूंसाठी दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ आणि एक पानाचा कागद काढा. हे झालं आकड्यातलं उत्तर. पण बहुतेक नवीन माणसं सुरुवातीलाच एक चूक करतात. त्यांना वाटतं, प्रतिस्पर्ध्याबद्दल जेवढं जास्त गोळा करू तेवढं चांगलं. प्रत्यक्षात स्काउटने (प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करणाऱ्या माणसाने) एकच निर्णय शोधायचा असतो: या संघाला आपण कोणता शॉट घेऊ द्यायचा? पाच जणांना अख्खं कोर्ट झाकता येत नाही. रिंगखाली गर्दी केली की बाहेरचा मोकळा होतो, बाहेर चिकटून राहिलं की पाठीमागची वाट उघडते. काहीतरी सुटणारच. ते आपण ठरवून सोडायचं की त्यांनी आपल्याकडून ओरबाडून घ्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं. पुढची सगळी मेहनत या एका निर्णयासाठी आहे.

आधी वेळेचा हिशेब. पुरुषांच्या स्पर्धेत २०११ साली ६८ संघ झाले. रविवारी संध्याकाळी तक्ता, मंगळवार-बुधवारी ओहायोतल्या डेटनला 'फर्स्ट फोर' (पहिल्या फेरीत शिरण्यासाठीचे आधीचे सामने), गुरुवार-शुक्रवारी पहिली फेरी आणि शनिवार-रविवारी दुसरी. गुरुवारी खेळायचं असेल तर सोमवार, मंगळवार, बुधवार हातात, त्यातही प्रवास, पत्रकार परिषदा आणि मोठ्या कोर्टवरचा सराव. शांतपणे बसून व्हिडिओ बघायला रविवारची रात्र आणि सोमवारची सकाळ मिळते, फार तर. दुसऱ्या फेरीसाठी तर मधे एकच दिवस असतो.

म्हणून काम रविवारच्या आधीच वाटून ठेवायचं. तक्त्यात चार-चार संघांचे गट पडतात: आपण, आपला पहिला प्रतिस्पर्धी, आणि ज्या दोघांतला विजेता पुढे आपल्यासमोर येईल ते दोघं. तीन सहायक, तीन संघ. पहिल्या प्रतिस्पर्ध्यावर काम करणाऱ्याने बाकीच्या दोघांकडे ढुंकूनही पाहायचं नाही, आणि उलटही. 'सगळे मिळून सगळं बघू' असं ठरवलं की शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याची फाइल शुक्रवारी पहाटे अर्धवट सापडते. आपलं मानांकन साधारण कुठे बसणार याचा अंदाज शेवटच्या आठवड्यात आलेला असतो, त्यावरून संभाव्य दहा-बारा संघांचे सामने आधीच गोळा करून ठेवता येतात. सिनर्जीसारख्या सेवेत सामने चालींप्रमाणे कापून मिळतात, त्यामुळे गोळा करण्यात आता वेळ जात नाही. वेळ जातो तो बघण्यात.

एक नियम लक्षात असू द्या: एनसीएएच्या पहिल्या विभागात (डिव्हिजन वन, सगळ्यात वरचा स्तर), त्याच मोसमात ज्यांच्याशी खेळायचं आहे अशा संघाचा सामना दुसरीकडे जाऊन प्रत्यक्ष बघायला बंदी आहे. एकाच ठिकाणी, एकाच स्पर्धेत खेळत असाल तर सवलत आहे. म्हणजे तुमच्या आधी किंवा नंतर त्याच कोर्टवर खेळणारा संघ बघता येतो, आणि ती संधी सोडायची नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो. बेंच काय ओरडतो, टाइमआउट संपून संघ उठताना प्रशिक्षक कोणाच्या कानाशी लागतो, थकलेला सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) कमरेवर हात ठेवून परत कसा चालत येतो, हे टीव्हीवर दिसत नाही.

व्हिडिओ उघडण्याआधी अर्धा तास आकड्यांना द्या, जास्त नको. एकूण विजय-पराजयावरून काही कळत नाही. २०१८ पासून निवड समिती 'नेट' ही क्रमवारी वापरते (त्याआधी आरपीआय होती). तिच्या पहिल्या चतुर्थांशात, म्हणजे सगळ्यात कठीण सामन्यांच्या गटात, घरच्या मैदानावर १ ते ३०, तटस्थ मैदानावर १ ते ५० आणि बाहेर १ ते ७५ क्रमांकाच्या संघांविरुद्धचे सामने येतात. प्रतिस्पर्ध्याचे असे सामने वेगळे काढा. कमकुवत संघांना तीस गुणांनी धुतलेले सामने फाइलमध्ये राहिले की प्रत्येक संघ राक्षस वाटायला लागतो.

मग चार घटक. बास्केटबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी मांडलेली ही पद्धत आता सगळीकडे वापरली जाते: नेमबाजी, टर्नओव्हर (शॉट न घेताच चेंडू गमावणं), आक्रमक रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत उचलणं) आणि फ्री थ्रोपर्यंत (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटपर्यंत) पोचणं. त्यांनी दिलेलं वजन साधारण ४०, २५, २० आणि १५ टक्के. हिशेब हाताने एकदा तरी करून बघा, म्हणजे आकडा कशातून येतो ते डोक्यात बसतं. समजा एका सामन्यात संघाने ५८ शॉट घेतले, २५ पडले, त्यातले ८ तीन गुणांचे. फ्री थ्रो १८ पैकी १४. टर्नओव्हर १२, आक्रमक रिबाउंड १०, समोरच्यांचे बचावातले रिबाउंड २२. एकूण गुण ७२. पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात असण्याची एक पाळी, अशी मोजायची: शॉट वजा आक्रमक रिबाउंड अधिक टर्नओव्हर अधिक फ्री थ्रोच्या ०.४७५ पट: ५८ − १० + १२ + ८.५५ = ६८.५५. शंभर पझेशनमागे १०५ गुण. नेमबाजीत तीन गुणांच्या शॉटला दीडपट धरायचं: (२५ + ४) ÷ ५८ = ५० टक्के. टर्नओव्हर १२ ÷ ६८.५५, म्हणजे १७.५ टक्के. आक्रमक रिबाउंड १० ÷ ३२, म्हणजे ३१ टक्के. फ्री थ्रो १८ ÷ ५८, म्हणजे ३१ टक्के.

हे चार आकडे त्यांच्या आक्रमणाचे आणि चार त्यांच्या बचावाचे. आठही आकडे समोर ठेवून एकच प्रश्न विचारायचा: यांचं पोट कशावर भरतं? शॉट साधारण पडतात पण चुकलेल्यांपैकी ३५-३६ टक्के परत उचलतात असा संघ असेल, तर त्यांचा पहिला शॉट रोखण्यात जीव ओतून उपयोग नाही. शॉट सुटला की पाचही जणांनी अंग लावून उभं राहायचं, सरावाचा वेळ तिथे. एखादा संघ फ्री थ्रोवर जगतो, तिथे हात मागे ठेवायची शिस्त लागते. खेळाडूला हे आकडे सांगायचे नाहीत. ते फक्त तुम्ही व्हिडिओत काय शोधणार हे ठरवण्यासाठी आहेत.

एका आकड्यापासून मात्र जपून राहा: समोरच्यांची तीन गुणांची टक्केवारी. 'यांच्याविरुद्ध सगळे ३० टक्केच मारतात, म्हणजे बाहेरचा बचाव भक्कम' असं लिहायचा मोह होतो. प्रतिस्पर्धी बाहेरून किती शॉट घेतात हे बचावाच्या बऱ्यापैकी हातात असतं, त्यातले किती पडतात यात नशिबाचा वाटा मोठा. तसंच एकेका खेळाडूचं. ४० शॉटमध्ये ३५ टक्के मारणाऱ्याची खरी क्षमता २० ते ५० यांच्यात कुठेही असू शकते. २०० शॉट झाले तरी २८ ते ४२ इतका पट्टा उरतोच. त्यामुळे 'हा मारत नाही, सोडा याला' असं लिहिण्याआधी त्याचे एकूण शॉट किती, फ्री थ्रो किती टक्के आणि मागच्या मोसमात काय केलं, हे तिन्ही बघायचं. फ्री थ्रो ८५ टक्के मारणारा पोरगा बाहेरून २८ टक्क्यांवर असेल, तर त्याला मोकळं सोडणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं.

आता सामने कोणते निवडायचे. शेवटचे दोन घ्या, म्हणजे आजची रचना आणि दुखापती कळतात. पण ते बहुधा कॉन्फरन्सच्या (मोसमभर आपसांत खेळणाऱ्या संघांच्या गटाच्या) स्पर्धेतले असतात, ओळीने दोन-तीन दिवस खेळलेले, पाय जड झालेले. त्यावरून वेग किंवा दम यांचा अंदाज बांधू नका. एक सामना असा घ्या जिथे समोरचा संघ आपल्यासारखा खेळतो. एक त्यांनी वाईट हरलेला, एक शेवटच्या मिनिटापर्यंत अटीतटीचा. आणि एक कॉन्फरन्सबाहेरचा, हा बहुतेकांच्या यादीतून सुटतो. कॉन्फरन्समधले संघ एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, एकमेकांच्या चाली तोंडपाठ असतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत संघाच्या पहिल्या पसंतीच्या चाली अडवल्या जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पर्यायांवर खेळ चालतो. अनोळखी संघासमोर त्या पहिल्या चाली पुन्हा चालायला लागतात. मार्चमध्ये तो अनोळखी संघ आपण असतो.

सामना बघताना पहिल्या दहा मिनिटांत काहीही लिहू नका, नुसता बघा. त्यानंतर कापाकापी. एक क्लिप जवळून बघू. शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायला उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ) २१ सेकंद. गार्ड चेंडू घेऊन मधोमध आला, डावा हात मूठ करून वर केला. सेंटर उजव्या कोपऱ्याकडून धावत वर आला आणि त्याने स्क्रीन लावला, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहिला. गार्डने स्क्रीन न वापरता उलट बाजूने मुसंडी मारली, मदतीला खालचा बचावपटू आला, कोपऱ्यातल्याला पास, तीन गुण. पहिल्यांदा बघणारा लिहितो: 'मूठ म्हणजे पिक अँड रोल, कोपऱ्यातला चांगला मारतो.' (पिक अँड रोल म्हणजे चेंडूवाल्यासाठी स्क्रीन लावून मग रिंगकडे वळायची दोघांची चाल.) हीच क्लिप अजून दोनदा बघा. दुसऱ्यांदा चेंडू झाकून फक्त बाकीच्या चौघांकडे: गार्ड निघण्याआधीच कोपऱ्यातला एक पाऊल वर सरकलेला दिसतो, म्हणजे मदत येणार हे त्याला ठाऊक आहे. तिसऱ्यांदा नुसते पाय: सेंटर पोचण्याआधीच गार्डसमोरच्या बचावपटूने (आपल्या सामन्यात तिथे आपला माणूस असेल) पुढचा पाय स्क्रीनच्या दिशेने टाकलेला आहे. गार्ड तो पाय वाचतो आणि उलटा जातो. आता नोंद बदलते: 'बचावपटू घाईने वर चढला की २ नंबरचा गार्ड स्क्रीन नाकारतो.' ही नोंद खेळाडूच्या कामाची आहे, कारण तिच्यात त्याने काय करायचं ते आहे: सेंटर येऊन थांबेपर्यंत पाय सरळ ठेवायचे. पाच सामन्यांत हेच तीन-चार वेळा दिसलं तरच ती सवय धरायची. एकदाच दिसलं तर वहीत राहू द्या, खेळाडूंपर्यंत नेऊ नका.

पिक अँड रोलवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण आज बहुतेक संघांचं आक्रमण त्यावरच उभं आहे. आक्रमणात बघायचं: स्क्रीन कुठे लावतात (मधे की कडेला), गार्ड कोणत्या हाताला गेल्यावर मारतो आणि कोणत्या हाताला गेल्यावर पास देतो, सेंटर रिंगकडे झेपावतो की बाहेर उभा राहून मारतो, आणि दूरच्या बाजूच्या कोपऱ्यात कोण उभा असतो. हा शेवटचा मुद्दा मोलाचा. मदतीला कोणाला सोडून जायचं हे त्यावर ठरतं. बचावात बघायचं: त्यांचा सेंटर रिंगजवळ थांबतो, वर चढून गार्डला अडवतो, माणूस बदलतो की दोघं मिळून चेंडूवर धावतात. शिवाय पहिला सेंटर बाकावर गेल्यावर काय बदलतं तेही. पहिल्या सेंटरबरोबर खाली थांबणारा संघ दुसरा लहानखुरा सेंटर आला की माणसं बदलायला लागतो, आणि आपल्या गार्डला हे ठाऊक नसेल तर चार-पाच पझेशन नुसती कळण्यात जातात. तेवढ्यात समोरचे ओळीने आठ गुण काढून जातात.

झोनबद्दल, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायच्या बचावाबद्दल, एक गोष्ट. एनबीएसारखा बचावातल्या तीन सेकंदांचा नियम कॉलेजात नाही, आणि रिंगसमोरचा रंगवलेला पट्टाही १२ फुटांचा आहे, एनबीएत १६. त्यामुळे उंच खेळाडू तिथे तळ ठोकून बसू शकतो. प्रशिक्षक जिम बोहाइम यांच्या काळात सिरॅक्यूजचा २-३ झोन (दोघं पुढे, तिघं मागे) मार्चमध्ये अनेकांना जड गेला त्याचं एक कारण हेच की लांब हातांच्या त्या झोनची नक्कल एका दिवसाच्या सरावात उभी करता येत नाही. प्रतिस्पर्धी झोन खेळत असेल तर तो कधी लावतात ते टिपा: टाइमआउटनंतर, बेसलाइनवरून चेंडू आत येताना, सेंटरला दोन फाउल झाल्यावर. 'कधी' कळलं की निम्मी भीती जाते.

खेळाडूंची माहिती हा कागदाचा गाभा. आठ-नऊ खेळाडू, प्रत्येकाला दोन ओळी, त्यापेक्षा एक शब्द जास्त नाही. 'उत्कृष्ट खेळाडू, चांगली दृष्टी, मेहनती' असलं काही लिहू नका, त्यावर पाय हलत नाहीत. असं लिहा: 'डावखुरा. डावीकडे दोन ड्रिबल, थांबून शॉट. उजवीकडे ढकलला तर पास देतो. शॉटची हूल देतो, उडी मारू नका.' किंवा: 'बाहेरून मारत नाही. दोन हात अंतर सोडून उभे राहा, आतला पास अडवा.' प्रत्येक खेळाडूला एक रंग द्या. लाल म्हणजे हात त्याच्या छातीशी, त्याला ड्रिबल करायला लावा. पिवळा म्हणजे शॉटला हात दाखवा पण आत जाऊ देऊ नका. निळा म्हणजे सोडा. चेंडू हवेत असताना धावत जाणाऱ्या बचावपटूकडे विचार करायला अर्धा सेकंदही नसतो, त्याला रंग आठवतो, वाक्य आठवत नाही. रंग क्रमांकाशी नव्हे तर चेहऱ्याशी जोडा, कागदावर फोटो हवाच. बदली खेळाडू आत आला की 'हा कोण?' असं एकमेकांना विचारताना मोकळा शॉट जातो.

लाल रंग किती गंभीरपणे घ्यायचा याचं उदाहरण २०२४ च्या पहिल्या फेरीत आहे. ओकलंडच्या जॅक गोल्कीने केंटकीविरुद्ध तीन गुणांचे २० शॉट घेतले, १० टाकले, ३२ गुण केले, आणि १४ वं मानांकन असलेला संघ तिसऱ्या मानांकनाच्या संघावर ८०-७६ असा जिंकला. त्याचे मोसमभरातले जवळजवळ सगळे शॉट तीन गुणांचेच होते, ही माहिती कोणालाही उपलब्ध होती. अशा खेळाडूबद्दल 'चांगला शूटर' ही नोंद अपुरी आहे. तो चेंडू मिळण्याआधी स्क्रीनच्या कोणत्या बाजूने निघतो, धावता-धावता मारतो का, एका पायावर वळून मारतो का, हे लिहायचं, आणि बाकी चौघांना सांगायचं की हा निघाला की नुसतं बघत राहायचं नाही, ओरडायचं. तो ड्रिबल करून आत शिरला तर तो आपला विजय समजायचा.

उलट बाजूचं उदाहरण २०२३ चं. १६ वं मानांकन असलेला फेअरली डिकिन्सन हा त्या वर्षी पहिल्या विभागातला सगळ्यात बुटका संघ होता. बुधवारी डेटनला जिंकून शुक्रवारी त्यांना पर्ड्यूशी खेळायचं होतं, आणि पर्ड्यूकडे ७ फूट ४ इंचांचा झॅक ईडी. मधे एकच दिवस. त्यांनी ईडीच्या पुढे एक आणि मागे एक माणूस लावला, चेंडू त्याच्यापर्यंत पोचणंच अवघड केलं, पूर्ण कोर्टवर दाब ठेवला, आणि बाहेरचे शॉट सोडले. पर्ड्यूने तीन गुणांचे २६ पैकी ५ टाकले आणि सामना ६३-५८ असा गेला. बाहेरचे आणखी चार-पाच पडले असते तर निकाल बदलू शकला असता, आणि तरीही निर्णय बरोबरच ठरला असता. ईडीला रिंगखाली चेंडू देणं त्यापेक्षा कितीतरी महाग होतं. एवढ्याशा वेळात दहा गोष्टी शिकवणं शक्यच नव्हतं. त्यांनी एक शॉट सोडायचा ठरवला आणि सगळ्यांनी तोच सोडला.

हा हिशेब तुम्हीही सामन्याआधी कागदावर करा. रिंगजवळचा शॉट ६० टक्क्यांनी पडत असेल तर १.२ गुणांचा. मधल्या अंतरावरचा ३८ टक्के म्हणजे ०.७६. तीन गुणांचा ३३ टक्क्यांचा शूटर ०.९९, २७ टक्क्यांचा ०.८१. फ्री थ्रोला ७० टक्के मारणाऱ्याला दोन मिळाले तर १.४. त्यामुळे रिंगजवळ केलेला निष्काळजी फाउल बहुधा शॉट देण्यापेक्षा महाग पडतो. शेवटच्या दोन मिनिटांसाठी वेगळी यादी हवी: कोणाला फाउल करायचा, कोणाला नाही. पुरुषांच्या खेळात एका हाफमध्ये सातव्या फाउलपासून 'वन अँड वन' असतं, म्हणजे पहिला पडला तरच दुसरा, आणि दहाव्यापासून सरळ दोन. ५० टक्केवाल्याला वन अँड वन दिलं तर सरासरी ०.७५ गुण, ७० टक्केवाल्याला १.१९. महिलांच्या खेळात चार क्वार्टर आहेत आणि क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून दोन मिळतात, तिथे हे गणित लागू होत नाही.

ठरलेल्या चालींमध्ये बेसलाइनखालून आत येणारा चेंडू आणि टाइमआउटनंतरचं पहिलं पझेशन, या दोन्हींना वेगळी फाइल द्या. पुरुषांच्या सामन्यात १६, १२, ८ आणि ४ मिनिटांखाली खेळ थांबला की टीव्हीचा टाइमआउट येतो, म्हणजे दोन हाफ मिळून आठ तर ठरलेलेच. पाच सामन्यांत चाळीस क्लिप मिळतात, आणि त्यात प्रशिक्षकाचं मन दिसतं: अडचणीत असताना तो चेंडू कोणाला देतो. बेसलाइनच्या चाली बहुधा चार-पाच रचनांमधून निघतात. रचना ओळखायला शिकवा (चौकोन, एका ओळीत चौघं), प्रत्येक चाल नाही. हाताच्या खुणा टिपा, पण त्यावर विसंबू नका. नीट तयारी करणारा संघ स्पर्धेआधी खुणा बदलतो. तुम्हीही बदला.

मात्र माहीत असणं वेगळं आणि पायांना सवय असणं वेगळं. १९९६ मध्ये प्रिन्स्टनने गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असं हरवलं, तेही शेवटच्या क्षणी बचावपटूच्या पाठीमागून रिंगकडे कापून घेतलेल्या सोप्या शॉटवर. प्रिन्स्टनचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांचा संघ पाठीमागून कापतो हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. पण पास अडवायला अंगावर जायची सवय महिनोन्‌महिने लागलेली असेल, तर एका बैठकीत ती सुटत नाही. म्हणून जे सरावात उभं करता येणार नाही ते कागदावरून काढून टाका. बाकावरच्या खेळाडूंना प्रतिस्पर्ध्याच्या क्रमांकाचे बिब घालून त्यांच्या पाच चाली शिकवा, फक्त पाच. प्रत्येक चाल आधी चालत, मग पूर्ण वेगाने, दोन्ही बाजूंनी. चालीला त्यांचं नाव ठेवू नका, आपल्याकडे तशाच चालीला जे नाव आहे ते वापरा. नवीन नाव म्हणजे कोर्टवर एक सेकंदाचा उशीर.

व्हिडिओची बैठक दोन तुकड्यांत करा. आधी खेळाडूंच्या सवयी, सहा-सात मिनिटं. दुसऱ्या दिवशी चाली, चार-पाच मिनिटं. प्रत्येक क्लिप दहा सेकंदांच्या आत. त्यांच्या झळकणाऱ्या डंकच्या क्लिप लावू नका, त्याने आपलीच पोरं दबतात. निदान दोन क्लिप अशा हव्यात जिथे ते चुकले आणि का चुकले हे दिसतं. शेवटी तीन नियम फळ्यावर, प्रत्येकी पाच-सहा शब्दांत. बैठक संपल्यावर दारात दोन खेळाडूंना थांबवून तिन्ही विचारा. त्यांना आठवले नाहीत तर दोष कागदात आहे, तो कमी करा.

आणखी एक काम बहुतेक जण विसरतात: स्वतःच्या संघाचेही शेवटचे चार सामने त्याच नजरेने कापा. समोरचा स्काउट आपल्याबद्दल काय लिहील? आपला गार्ड दहापैकी आठ वेळा उजवीकडे जात असेल, तर ते त्यांच्या कागदावर आहेच. त्यावर एक उत्तर तयार ठेवा.

दुसऱ्या फेरीसाठी हे सगळं निम्मं करावं लागतं. सामना संपल्यावर खेळाडू जेवेपर्यंत त्या संघावर नेमलेल्या सहायकाने फाइल मुख्य प्रशिक्षकाच्या खोलीत नेलेली असली पाहिजे, आणि त्या दिवशी त्यांनी खेळलेला सामना तिच्यात घातलेला असला पाहिजे. मधल्या दिवशी कोर्ट थोडाच वेळ मिळतं. बाकीचं हॉटेलच्या हॉलमध्ये, गालिच्यावर चिकटपट्टीने रेषा मारून. मोजपट्टी बरोबर ठेवा: तीन गुणांची रेषा रिंगच्या मध्यापासून २२ फूट १ पूर्णांक ३/४ इंच. छत कमी असेल तर वरचा पास करता येणार नाही, पण पावलं बसवायला तेवढी जागा पुरते. चपला घालून, चेंडूशिवाय, वीस मिनिटं. दुसऱ्या फेरीत तीन नियम नकोत, दोन पुरे.

सामन्याच्या वेळी बेंचवर एक माणूस फक्त मोजायला बसवा. त्याच्या कागदावर तीन रकाने: आपण सोडायचं ठरवलेला शॉट त्यांनी किती वेळा घेतला, आपण झाकायचं ठरवलेला किती वेळा घेतला, आणि दुसरा कोणताही. पडले की चुकले हे लिहायचं नाही. मध्यंतराला पहिला रकाना भरलेला असेल आणि तरीही आपण आठ गुणांनी मागे असू, तर बचाव बदलायची घाई करू नका. दुसरा रकाना भरत असेल तर आघाडीवर असलो तरी लगेच बदला.